दिवस मावळायच्या आत

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला आला, तेव्हा आईने त्याला पहिला प्रश्न पट्ट्याचा विचारला.

"तुमची पोरं कमरेला चामड्याचा पट्टा लावून माझ्या स्वैपाकघरात येणार काय?"

तो मुकादम होता, मिरजेकडचा. मोबाईल हातात धरून खोल्याखोल्यांचे फोटो काढत फिरत होता. जैनांच्या घरात त्याने आधीही काम केले असावे, कारण प्रश्नाने तो गोंधळला नाही.

"आवं आजी, पट्टा काढला तर पँट खाली यील. मग तुमीच म्हणणार, ही काय तऱ्हा."

"नाडी बांधा म्हणावं."

"सुतळी बांधतो. बॉक्स बांधायला आणतोयच की, त्यातलीच दोन दोन हात कापतो."

आई हसली नाही, पण तिने त्याला बसायला पाट दिला. त्यावरून माणूस ठरला असे मी समजले. बाकी दोन कंपन्यांच्या लोकांना तिने उभ्या उभ्याच परत पाठवले होते.

मी सांगलीत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होते. सातारा कार्यालयात बदली झाली. घरात आम्ही दोघीच. वडील गेल्यानंतर नदीकाठच्या गल्लीतल्या त्या घरात आईला एकटे ठेवणे शक्य नव्हते. दोनदा पुराचे पाणी खिडकीपर्यंत आले होते आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी तिला उचलून वरच्या मजल्यावर नेले होते. हे सगळे तिला मान्य होते. तरीही ती साताऱ्याला येते म्हणत नव्हती. गल्लीच्या टोकाला मंदिर, समोर वाणी, मागे दोन मैत्रिणी, एवढ्यात तिचे सगळे आयुष्य बसत होते.

शेवटी एका दुपारी तांदूळ निवडताना ती म्हणाली, "येतो. पण एक सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी त्या घरात माझ्या हातानं शिजवून दिवस मावळायच्या आत जेवलो, तर ऱ्हातो. न्हाईतर दुसऱ्या दिवशी एस्टीनं माघारी. पुराचं पुराच्या वक्ताला बघू."

आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी आई स्वतःबद्दल 'येतो, जातो' असेच बोलते.

सूर्यास्तानंतर ती काही खात नाही. लग्नकार्यात नाही, प्रवासात नाही, दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसून होती तेव्हाही नाही. हा नियम नवा नव्हता; अट नवी होती. मी कारण विचारले.

"लग्न होऊन या घरात आलो तवा दिवस कलला होता," ती म्हणाली. "दारात पाव्हणे, बँड, सगळं. सासूनं कुणाचं ऐकलं न्हाई. मला आत नेलं, पदर खोच म्हणाली, भात टाकायला लावला आणि आधी मला जेवायला बसवलं. पाव्हणे बसले वाट बघत. तवा कळलं, हे घर आपलं हाय."

यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. मी दिवसाचे नियोजन केले.

थंडीचे दिवस होते, सूर्य लवकर जात होता. ट्रक सकाळी लवकर भरायचा, दुपारपर्यंत साताऱ्यात पोचायचा. स्वयंपाकघराचे खोके शेवटी चढवायचे, म्हणजे आधी उतरतील. शेगडी सगळ्यात शेवटी, दाराशी. मुकादमाने प्रत्येक गोष्टीला "व्हय मॅडम" म्हटले आणि बहुतेक गोष्टी त्याने तशाच केल्याही. त्या दिवशी तो आणि त्याचे चार हमाल कमरेला सुतळी बांधून आले. पट्टे त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये टांगून ठेवले होते. आईने खिडकीतून ते बघून घेतले.

चूक झाली ती या सगळ्याच्या बाहेर झाली. आईने पहाटे उठून दुपारसाठी डबा केला होता: भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. हमाल स्वयंपाकघरात शिरल्यावर त्यांचा हात डब्याला लागू नये, म्हणून तिने तो पिठाच्या मोठ्या रिकाम्या पिंपात ठेवला. पाणी गाळायचे फडकेही त्यातच ठेवले आणि झाकण घट्ट बसवले. हमालांना झाकण लावलेले पिंप दिसले. त्यांनी त्याला प्लास्टिकचे चार वेढे दिले आणि ट्रकमध्ये चढवले. आत काही आहे का, असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण एका डब्याने एवढे मोठे पिंप जड होत नाही.

आम्ही दोघी भाड्याच्या गाडीने पुढे निघालो. उसाचा हंगाम होता. इस्लामपूरच्या अलीकडे दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर रांगेने चालले होते. आमची गाडी त्यांच्यामधून वाट काढत पेठनाक्याला महामार्गाला लागली. कराड मागे पडले. आई खिडकीतून शेते बघत होती. तिने सकाळी फक्त दूध घेतले होते.

साताऱ्यात आम्ही दुपारच्या आतच पोचलो. घर एका निवृत्त सुभेदारांचे होते. खाली ते आणि त्यांची बायको, वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. परसात विहीर, पेरूचे झाड, कोपऱ्यात दगडी चूल. खोल्या झाडून ठेवल्या होत्या. आई मोकळ्या खोलीत शाल अंथरून बसली आणि म्हणाली, "डबा दे."

मी म्हटले, "कुठला डबा?"

मग आईला आठवले. ती मोठ्याने हसली.

"त्या पोरांचा हात लागू नये म्हणून ठेवला होता. आता कुणाचाच लागत न्हाई बघ."

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला.

"मॅडम, ऊस पडलाय."

"कुठे?"

"रस्त्यावर. दोन ट्रॉल्या आडव्या झाल्यात, आख्खा रस्ता भरलाय. फुडंबी गाड्या, मागंबी गाड्या. जेसीबी येतोय म्हणत्यात."

"म्हणत्यात म्हणजे?"

"म्हंजे अजून दिसला न्हाई."

मी बाजारातून केळी आणायला निघाले. आईला मधुमेह आहे. डॉक्टरांनी केळी बंद केली आहेत, याची तिनेच मला जिन्यात आठवण करून दिली. पेरू आणले. तिने एक धुऊन मागितला, मग पाणी गाळलेले नाही म्हणून तसाच ठेवून दिला. हॉटेलचे ती खात नाही. नवी शेगडी घेऊन येते म्हटले, तर म्हणाली, "एका घरात दोन दोन शेगड्या कशाला? ट्रक येतोय की."

ट्रक येतोय, असे मुकादम प्रत्येक फोनवर सांगत होता. एकदा म्हणाला, जेसीबी आला. पुढच्या वेळी म्हणाला, जेसीबी उसातच अडकला. त्यानंतर त्याने फोन उचलला तेव्हा मागून हमालांचा गलका ऐकू आला. ते रस्त्यावरचा ऊस सोलून खात बसले होते. ते मी आईला सांगितले नाही.

दुपार कलल्यावर घरमालकीणबाई चहा घेऊन वर आल्या. आईने हात जोडले.

"नगं बाई. राग मानू नका."

"आवं आक्का, राग कशाचा? साखर चालत न्हाई व्हय? बिनसाखरेचा टाकू?"

"तसं न्हाई."

आईला सांगायचे अवघड वाटत होते. दुसऱ्याच्या घरी आल्या दिवशी आपले नियम मांडणे तिला कधी आवडले नाही. मग मीच थोडक्यात सांगितले: रात्री जेवत नाही, पाणी गाळूनच घेते, स्वतः शिजवलेलेच खाते, कांदा-लसूण नाही, आणि भांडी, फडके, शेगडी सगळे ट्रकमध्ये. अट मी सांगितली नाही. ती आईनेच सांगितली, आणि तीही अशी, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगते आहे.

"आज जेवलो न्हाई तर उद्या सांगलीला माघारी, असं बोलून बसलोय."

बाई चहाची कपबशी हातात धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या शेगडीवर तुमाला करता यायचं न्हाई, आक्का. खोटं कशाला बोलू, आमच्यात सगळं शिजतंय. पण खालची चूल हाय परसातली. तिच्यावर आंघोळीच्या पाण्याशिवाय आजवर काय ठिवलेलं न्हाई. नवीन घर बांधलं तवापास्नं."

आईने मान वर केली. "नुसतं पाणी?"

"देवाशपथ, नुसतं पाणी."

मग खाली धावपळ सुरू झाली. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात आहेरात आलेली, न वापरलेली भांडी माळ्यावर पडून असतात. सुभेदारांनी शिडी लावली. माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पातेले, एक ताट, एक तांब्या खाली आले. पातेल्यावर कुणाच्या तरी लग्नाचा मजकूर कोरलेला होता आणि बुडाला कागदी लेबल अजून चिकटलेले होते. मी ते नखाने खरवडत बसले. निम्मे निघाले, निम्मे राहिले.

"फडकं?" आई म्हणाली.

"थांबा की," बाई म्हणाल्या आणि कपाटातून कोऱ्या पंच्यांची चळतच घेऊन आल्या. "हे रिटायर झाल्यापास्नं सत्कारच सत्कार. जो तो पंचा नाहीतर टॉवेल-टोपी घालतोय खांद्यावर. ह्या घरात अंग पुसायला काय विकत घेतलेलं न्हाई."

"सर्व्हिसचा मान हाय त्यो," सुभेदार शिडीवरून म्हणाले.

"मान हाय म्हणूनच कपाटात ठिवलाय."

आईने पंचा दुहेरी केला, तांब्याच्या तोंडावर धरला आणि विहिरीचे पाणी सावकाश ओतले. गाळल्यावर पंच्यात जे उरते, ते तिने थोड्या पाण्याने परत बादलीत उतरवले. हे पाणी टाकायचे नसते. जिथून काढले तिथेच सोडायचे असते, म्हणजे त्यातले बारीक जीव मरत नाहीत. तिने बादली सुभेदारांच्या हाती दिली.

"वरनं टाकू नका. दोरानं खाली सोडा, पाण्याला टेकली की मग वाकडी करा."

"पाण्याला टेकली की वाकडी," सुभेदारांनी हुकूम घेतल्यासारखे म्हटले आणि तसेच केले. परत येऊन त्यांनी सांगितले, "सोडली. ओके रिपोर्ट."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मूगडाळ, हळद, मीठ आणले. तांदूळ बाईंच्या शेतातला होता. आईने तो ताटात पसरला आणि निवडायला घेतला. घाई होती हे तिला माहीत होते, पण तिचे बोट प्रत्येक दाण्यावरून जात होते. मी आभाळाकडे बघत होते.

"बघून काय हुतंय?" ती मला म्हणाली. "सरपण आण."

सरपण पेरूखाली रचून ठेवले होते. आईने पहिले लाकूड उचलले, दगडावर ठोकले, फिरवले, पुन्हा ठोकले. दोन मुंग्या खाली पडल्या. त्या जाईपर्यंत थांबून तिने लाकूड बाजूला ठेवले आणि दुसरे उचलले.

सुभेदार बघत होते. "आवं, ते काय करताय?"

"जीव असत्यात आत. तसंच घातलं की जळत्यात."

त्यांनी जरा विचार केला. मग धोतर आवरून तिच्यासमोर बसले आणि लाकडे ठोकायला लागले. त्यांचे ठोकणे जोरकस होते. ठोकलेल्यांची एक रास, राहिलेल्यांची एक रास, अशी त्यांनी लगेच वाटणी केली. एका ओंडक्यातून वाळवी निघाली, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कुंपणापलीकडे नेऊन ठेवला.

"लय पोरं भरती केली मी," ते परत येऊन बसत म्हणाले, "पण लाकडाची मेडिकल पहिल्यांदाच."

"आवरा आता, सूर्य चाललाय," बाई म्हणाल्या.

चूल पेटायला वेळ लागला. जोरात फुंकल्यावर धूर आधी आला, मग जाळ. पातेले चढले. आईने डाळ-तांदूळ एकदम टाकले, हळद टाकली, झाकणावर पाणी ठेवले. आम्ही चौघे चुलीभोवती उभे होतो. पातेल्यातून आवाज येऊ लागला. बाईंनी वाकून वास घेतला.

"आलं न्हाई घालत?"

"कंदमूळ खात न्हाई. हळद वाळलेली म्हणून चालती."

"बटाटा?"

"न्हाई."

"मग तुमी खाताय तरी काय वं, आक्का?"

"हे बघा, शिजतंय की."

आई झाकण काढून शीत बोटात दाबून बघत होती, तेव्हा परसातले ऊन गेले. एकदम गेले. चुलीजवळचा, विहिरीच्या कठड्यावरचा उजेड एका क्षणात विझला. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर काळा उभा होता आणि सूर्य त्याच्यामागे गेला होता.

आईने शीत परत पातेल्यात टाकले. झाकण ठेवले. पदराला हात पुसले.

"मावळला," ती म्हणाली. चुलीतले एक लाकूड ओढून तिने जाळ कमी केला.

सांगली सपाट आहे. तिथे सूर्य उसाच्या शेताला टेकतो आणि जातो, जाताना दिसतो. सत्तरएक वर्षे तिने तोच सूर्यास्त बघितला होता. डोंगराच्या पायथ्याचा तिला माहीत नव्हता.

"मावळला न्हाई," सुभेदार म्हणाले. "डोंगराआड गेलाय. त्यात लय फरक हाय."

"दिसत न्हाई म्हंजे मावळला."

"आवं, माणूस भिंतीआड गेला म्हंजे मेला काय?"

"तुमी गप बसा, असलं काय बोलताय," बाई म्हणाल्या.

"बोलतोय ते बरोबर बोलतोय. आक्का, तुमी गच्चीवर चला. मी दाखवतो. पटलं न्हाई तर नका जेवू."

आई जागची हलली नाही. मग ती माझ्याकडे वळली. डेस्कवर असताना सूर्योदय-सूर्यास्ताची ओळ रोज माझ्या हातून पानात जायची. आईने ती कधी वाचली नव्हती. तिचे पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असायचे आणि पेपरातल्या वेळेवर तिचा विश्वास नव्हता. ते पंचांग आता ट्रकमध्ये होते.

"तुमच्या पेपरात कितीला दिलाय?"

मी वेळ सांगितली. मोबाईलवरचे घड्याळ तिच्यासमोर धरले. वेळ शिल्लक होती. फार नव्हती.

तिने घड्याळ बघितले, पण ती उठली ती त्यासाठी नाही, असे मला वाटते. सुभेदार जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात पुढे करून थांबले होते, आणि मोठ्या माणसाला ताटकळत ठेवणे तिला जमत नाही. तिने पातेले पंच्यात धरले. ताट मी घेतले, तांब्या बाईंनी.

गच्चीवर उजेड होता. सुभेदारांनी पूर्वेला हात केला.

"त्यो जरंड्याचा डोंगर. बघा."

शहराच्या पलीकडे जरंडेश्वरचा डोंगर उभा होता. पायथ्याच्या शेतांवर सावली आली होती, पण डोंगरावर ऊन होते, स्वच्छ, पिवळे. सावलीची कड हळूहळू वर सरकताना दिसत होती.

आई बघत राहिली.

"तिथं माणसं ऱ्हात्यात?"

"देऊळ हाय वर. पुजारी असतोय."

"म्हंजे त्याला सूर्य दिसतोय अजून."

"त्याच्या डोळ्यात जात असंल बघा आत्ता."

आई खाली बसली. पूर्वेकडे तोंड करून, मांडी घालून. मी खिचडी वाढली. ती इतकी गरम होती की हात लावता येत नव्हता. बाईंनी पदराने वारा घालायला सुरुवात केली, सुभेदार पुठ्ठा शोधायला लागले. आई कडेकडेने घास घेत होती, फुंकत होती, आणि प्रत्येक घासाला मान वर करून डोंगराकडे बघत होती. ऊन निम्म्यावर गेले. मग वरच्या कातळावर. तिने ताटातले शेवटचे शीत बोटाने टिपले, तांब्यातले पाणी प्यायले, ताट धुऊन तेही पाणी पिऊन टाकले. अन्न वाया घालवायचे नसते म्हणून ती रोज असेच करते. मान वर केली तेव्हा माथ्यावर एक पट्टा उरला होता.

"झालं," ती म्हणाली.

सुभेदारांनी पुठ्ठा खाली ठेवला. बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि चुलीचा धूर गेला म्हणाल्या. आम्ही गच्चीवर होतो, धूर खाली परसात होता.

आईने त्या दोघांना खिचडी वाढली. बाईंनी एक घास खाल्ला.

"लसूण न्हाई, आलं न्हाई, मोहरीसुदीक न्हाई. तरी बरी झालीया."

"भूक लागली असंल तुमाला," आई म्हणाली.

मुकादमाचा फोन आला. ट्रक कराडला पोचला होता. "आजी जेवल्या का?" त्याने विचारले. सामान उतरवताना हमालांना पिंपातला डबा सापडला तर तो त्यांनी खाऊन टाकावा, असा आईचा निरोप मी त्याला दिला. तो म्हणाला, पिंपात डबा आहे हे आधी सांगितले असते, तर उसावर दिवस काढला नसता.

अंधार पडत होता. बाई भांडी घेऊन खाली गेल्या. आई मात्र गच्चीच्या कठड्याला टेकून पश्चिमेकडे बघत उभी राहिली. यवतेश्वरच्या कडेवर अजून जराशी लाली होती.

"सुभेदार," ती म्हणाली, "उन्हाळ्यात कुठनं जातोय इथं?"

त्यांनी हात उजवीकडे, उत्तरेला नेला. "वैशाखात तिकडं सरकतोय. त्या टॉवरच्या अंगाला. तिथं डोंगर बुटका हाय."

आईने टॉवर शोधला. बराच वेळ तिकडे बघितले, डोंगराची उंची नजरेने मोजली.

"मग तवा स्वैपाकाला जरा सवड मिळंल," ती म्हणाली.